निळ्या दिव्याखालचा थेंब

सरांना विद्यार्थी पाठीमागे 'कासरा' म्हणायचे. एक तर कुठल्याही उत्तरावर त्यांचं 'का?' ठरलेलं, आणि त्या 'का'ला 'सर' जोडलं की जीभ आपोआप तिकडे वळायची. दुसरं म्हणजे, एकदा त्यांनी कुणाला प्रश्नात धरलं की सुटका नव्हती. हे नाव सरांच्या कानावर आलं होतं. ते ऐकून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "दोरी बैलाला बांधतात. मग मी दोरी की तुम्ही बैल?"

ते यंत्र अभियांत्रिकी शिकवत आणि थेंबांवर संशोधन करत. प्रिंटरच्या तोंडातून शाईचा थेंब सुटतो तेव्हा त्याला शेपूट का फुटते, ती कधी तुटते, आणि तुटलेला तुकडा कागदावर पडून अक्षराची कड कशी बिघडवतो, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पाहुण्यांनी विचारलं तर बायको सांगायची, "हे शाई सांडतात. फक्त शास्त्रशुद्ध सांडतात."

त्यांची थोरली बहीण नवजात बाळांची डॉक्टर होती. सुट्टीच्या दिवशी ती जेवायला यायची आणि जेवताना अर्धं लक्ष फोनकडे ठेवायची. एका दुपारी तिनं फोन पालथा घातला आणि भावाकडे वळली.

"चोंबड्या, तू थेंबांतला तज्ज्ञ ना?" ती त्यांना लहानपणापासून याच नावानं हाक मारायची. "मग सांग, किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त किती असेल?"

सर मनात हिशेब करू लागले.

"राहू दे. चहाचा एक मोठा कपसुद्धा भरणार नाही. आणि त्यातलंच आम्ही परत परत काढतो. कावीळ वाढली का बघायला काढायचं, उतरली का बघायलाही काढायचं. काढून काढून बाळ फिकं पडलं की दुसऱ्या कुणाचं रक्त आणून त्याला चढवायचं. आहे की नाही गंमत?"

"मग कमी का नाही काढत?"

"लॅबच्या यंत्राला तेवढं लागतं."

"यंत्राला तेवढं का लागतं?"

ताईचा घास हातातच राहिला. तिनं भावाकडे नीट पाहिलं. "ते मला काय माहीत? इंजिनिअर तू आहेस."

पुढच्याच आठवड्यात सर तिच्या वॉर्डात गेले. हात कोपरापर्यंत धुऊन, अंगात झगा घालून ते एका काचेच्या पेटीपाशी उभे राहिले. आतलं बाळ त्यांच्या तळहाताहून थोडंसंच मोठं होतं. वर निळा दिवा पेटलेला होता, कारण काविळीवर तोच उपचार. त्या प्रकाशानं कातडीतला पिवळेपणा विरघळतो आणि शरीराबाहेर पडतो, हे ताईनं समजावलं. मग एका सिस्टरनं बाळाच्या टाचेला सुई टोचली आणि काचेची बारीक नळी रक्तानं भरू लागली. बाळानं आवाज न काढता नुसतं तोंड वाकडं केलं. सर मात्र टाचेवर फुगत चाललेल्या थेंबाकडेच बघत होते. यातला पहिला थेंब पुरेसा का नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

शाईचा नाद तिथेच सुटला. कल्पना तशी सोपी होती. रक्तातल्या लाल पेशी अडवायच्या आणि उरलेलं पिवळट पाणी पुढे जाऊ द्यायचं. ते जितकं पिवळं तितकी कावीळ जास्त. त्यासाठी प्लॅस्टिकच्या लहानशा कार्डावर केसाहून बारीक वाटा कोरायच्या, थेंब एका टोकाला ठेवायचा, मग कार्ड एका लहानशा यंत्रात घालून दुसऱ्या टोकाला रंग मोजायचा. पण रक्त शाईसारखं शहाणं नसतं. ते गोठतं, चिकटतं, वळणावर अडून बसतं. त्यात एक हवेचा बुडबुडा नेमका शेवटच्या वळणावर येऊन ठाण मांडायचा, आणि सगळं तिथेच थांबायचं.

हा बुडबुडा हटवला तो 'तुफान'नं. ही सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. बोलणं, चालणं, जेवणं, सगळं घाईत, म्हणून प्रयोगशाळेत तिला हे नाव पडलेलं. सर महिनोन् महिने बुडबुड्याचे फोटो काढून तो तिथे का बसतो याचा अभ्यास करत होते. तुफाननं एक दिवस कंटाळून वळणाचा कोपराच गोल करून टाकला. बुडबुडा सुळकन निघून गेला.

"असं का झालं?" सर म्हणाले.

"सर, ते तुम्ही शोधा. मी पुढचं कार्ड करते."

सरांनी ते शोधलं, त्यावर पेपर लिहिला, तो छापून आला. त्यांच्या लेखी विषय संपला होता. तुफान मात्र छापलेला पेपर हातात घेऊन त्यांच्या खोलीत आली आणि खुर्ची ओढून बसली.

"सर, हा पेपर वाचून कुठल्या बाळाची कावीळ उतरणार आहे?"

"कुणीतरी बघेल, बनवेल."

"कोण?"

आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्नांनी भंडावून सोडणारा माणूस एका शब्दात अडकला. शेवटी दोघांनी कंपनी काढायची ठरवली. विभागप्रमुखांनी कपाळाला आठ्या घातल्या. "प्राध्यापकानं दुकान थाटायचं?" ते म्हणाले. सर म्हणाले, "दुकान ती चालवेल. मी गिऱ्हाईकासारखा तक्रारी करत बसेन." आणि झालंही तसंच.

एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर जागा मिळाली. जमिनीत शाईचे डाग मुरलेले होते आणि ते पाहून सरांना उगीचच घरी आल्यासारखं वाटायचं. पलीकडच्या खोलीत काचेचा कप्पा उभारून त्यात धूळ येणार नाही असा बंदोबस्त केला. तिथे गरम साच्यात दाबून कार्डं निघायची, त्यावर झाकण चिकटायचं, मग एकेक कार्ड भिंगाखाली तपासलं जायचं. तुफान परवानग्यांसाठी दारोदार फिरायची. ज्यांनी पैसे घातले होते त्यांना तीच तोंड द्यायची. सर कॉलेज सुटल्यावर येऊन नुसते दोष काढायचे. "हे झाकण पारदर्शकच का?" "कारण आतलं दिसतं, सर." "कुणाला बघायचंय आतलं?" "तुम्हाला!" यावर सर हसले होते आणि प्रश्न विसरून गेले होते.

ताईच्या वॉर्डात कार्ड उत्तम चाललं. लॅबचा आकडा आणि कार्डाचा आकडा हातात हात घालून चालायचे. मग दुसरं रुग्णालय मिळालं, त्यानंतर तिसरं. हे तिसरं दूरच्या गावात होतं, मोठं आणि गजबजलेलं. तिथे शिकवायला सर स्वतः गेले. सिस्टरांना गोळा करून त्यांनी सांगितलं, "याची खरी मजा अशी की रक्त कुठे न्यायचंच नाही. पेटीपाशीच थेंब घ्या, कार्ड तिथेच ठेवा, आकडा तिथेच वाचा." सिस्टरांना हे फार आवडलं. वॉर्ड सांभाळणाऱ्या इन्चार्ज सिस्टर तर म्हणाल्या, "पहिल्यांदा कुणीतरी आमचे पाय वाचवायचा विचार केला."

थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"तुमचं कार्ड कमी दाखवतंय. एका बाळाचा आकडा खाली आला म्हणून डॉक्टरांनी दिवा बंद करून घरी सोडलं. दोन दिवसांनी आईबाप धावत परत घेऊन आले. हळदीसारखं पिवळं."

फोन तुफाननं घेतला होता. "बाळ कसं आहे?"

"आता बरं आहे. वेळेत आले म्हणून. पण आम्ही परत लॅबला रक्त पाठवायला लागलोय."

तुफान पहिल्या गाडीनं गेली, यंत्र घेऊन आली. प्रयोगशाळेत ते एकदम बरोबर चाललं. परत पाठवलं, परत आकडे कमी. बाकी दोन्ही रुग्णालयांत काही तक्रार नाही. सरांनी त्याच दिवशी सांगितलं, "सगळीकडचं थांबवा."

"सगळीकडचं?" तुफान उभी राहिली. "सर, एकाच ठिकाणी बिघाड आहे. तिथलं थांबवू. मोठ्या रुग्णालयांशी बोलणं होत आलंय. आत्ता सगळं थांबवलं तर परत दारात उभं करणार नाहीत."

"कारण कळलंय का आपल्याला?"

"नाही."

"मग ते बाकीच्या ठिकाणी नाही, हे कशावरून?"

तुफान रागानं निघून गेली. पण खाली जिन्यातूनच तिनं दोन्ही रुग्णालयांना फोन केले आणि कार्डं वापरायची थांबवली. त्यात ताईचा वॉर्डही आला. ताईचा सरांना उलटा फोन आला. सरांना वाटलं, ती समजूत काढेल. ती म्हणाली, "चोंबड्या, त्या बाळाला काही झालं असतं तर मी तुझ्याशी बोलले नसते. आता शोध."

सरांनी आधी गरमीवर संशय घेतला. मग दमट हवेवर. घरचं न्हाणीघर वाफेनं भरून त्यांनी आत कार्डं मांडली आणि दाराला कडी घातली. बायको बाहेरून दार ठोठावत म्हणाली, "मला ऑफिसला जायचंय! तुमची कार्डं आंघोळ करून झाली का?" कार्डांना काहीच झालं नाही. सुईच्या जागी लावतात त्या स्पिरिटचा संशय घेतला, तोही फुकट गेला. तेव्हा रजा टाकून सर त्या गावाला गेले आणि इन्चार्ज सिस्टरांना म्हणाले, "मला काही विचारायचं नाही. फक्त कोपऱ्यात बसू द्या."

"काय बघणार?"

"माहीत असतं तर आलो नसतो."

सिस्टरांनी एका स्टुलाकडे बोट दाखवलं.

सर सकाळभर बसून राहिले. सिस्टर यायच्या, टाच पुसायच्या, थेंब कार्डावर घ्यायच्या, कार्ड बाळाच्या पायाशी गादीवर ठेवायच्या आणि पाणी गाळून होईपर्यंत शेजारच्या बाळाचा कपडा बदलायच्या. मग कार्ड उचलून यंत्रात घालायच्या. सगळं सरांनी शिकवलं होतं तसंच, तंतोतंत. सरांना त्यात एकही चूक सापडेना.

जरा पाय मोकळे करायला ते उठले आणि पेटीवर वाकले. त्यांचा पांढरा झगा निळा झाला. हात निळे झाले. गादीवरचं कार्डही निळ्या प्रकाशात न्हाऊन निघालेलं होतं, पारदर्शक झाकणासकट.

सर तसेच वाकून राहिले.

कावीळ विरघळवणारा प्रकाश. तो बाळाच्या कातडीतला पिवळेपणा घालवतो. मग कार्डातल्या पाण्यातला पिवळेपणा तो ठेवेल कशाला? कातडी जाड, त्यामुळे तिथे वेळ लागतो. नळीतल्या रक्तात तो वरवरच पोहोचतो. पण कार्डातलं पाणी केसाहून पातळ, त्यात प्रकाश आरपार जाणार. ताईच्या वॉर्डात जागा अपुरी होती, म्हणून तिथे कार्ड बाजूच्या टेबलावर न्यायचे. दुसऱ्या रुग्णालयातही तसंच. इथे मात्र सरांचं म्हणणं शब्दशः पाळलं होतं.

"सिस्टर," सर म्हणाले, "पुढचा थेंब दोन कार्डांत विभागून घ्याल?"

एक कार्ड गादीवर राहिलं. दुसरं सरांनी मुठीत झाकून धरलं. थोड्या वेळानं दोन्ही यंत्रात घातली. मुठीतल्या कार्डाचा आकडा लॅबशी जुळला. गादीवरच्या कार्डाचा आकडा खूप खाली होता.

इन्चार्ज सिस्टरांनी दोन्ही आकडे पाहिले. "म्हणजे तुमचं कार्ड दिव्याखाली बरं होत होतं," त्या म्हणाल्या, "आणि बाळ तसंच राहत होतं."

सरांनी मान हलवली. त्यांना त्या परत आणलेल्या बाळाचे आईवडील डोळ्यांसमोर आले, धावत जिना चढणारे. त्यांनी तिथल्या तिथे तुफानला फोन लावून सगळं सांगितलं.

"झाकण गडद पिवळ्या प्लॅस्टिकचं करू," ती म्हणाली. "निळं आत शिरणारच नाही. रंग मोजायला झाकणाखालून खिडकी ठेवू." मग जरा थांबून, "सर, सगळीकडचं थांबवलं ते बरं केलंत."

"कार्ड उचलून टेबलावर न्या, असंही सांगता आलं असतं."

"नाही. कुणीतरी विसरणारच. मग परत तेच."

एवढ्यावर सर घरी परतायला हवे होते. पण त्यांनी आणखी कार्डं मागवून घेतली. लॅबमध्ये तपासून उरलेलं, टाकून द्यायचं रक्त मिळालं, ते कार्डांत भरलं आणि प्रत्येक पेटीत एकेक ठेवत गेले. किती वेळात किती रंग उडतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. आणि तिथे एक विचित्र गोष्ट दिसली. बहुतेक पेट्यांत रंग सारखाच उडत होता. खिडकीजवळच्या पेटीत मात्र तो जवळपास उडतच नव्हता.

"हा दिवा वेगळा आहे का?"

"नाही. सगळे एकदमच आले." इन्चार्ज सिस्टरांनी वर पाहिलं. "चांगला लख्ख पेटतोय की."

सरांनाही तो लख्ख दिसत होता. त्यांनी दोन दिव्यांखाली आळीपाळीनं हात धरला. डोळ्यांना काडीचाही फरक कळत नव्हता. मग हा रंग का नाही उडवत? रुग्णालयाच्या तंत्रज्ञाला बोलावलं, त्यानं कपाटाच्या तळातून प्रकाश मोजायचं जुनं यंत्र काढलं. खिडकीजवळच्या दिव्याचा कामाचा प्रकाश अर्ध्याहून कमी झाला होता. हा दिवा सगळ्यांत जास्त जळलेला, त्याच्या नळ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. चेहऱ्यावर अजून तजेला होता, पण अंगात जोर नव्हता.

इन्चार्ज सिस्टरांनी त्या पेटीच्या काचेवर हात ठेवला. "या पेटीतली बाळं जास्त दिवस राहतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, खिडकीचा वारा लागतो."

त्या दुपारी नळ्या बदलल्या. सरांनी तुफानला परत फोन केला. या वेळी तेच घाईत बोलत होते आणि तीच मधे मधे 'का?' विचारत होती. शेवटी ती म्हणाली, "सर, ही आपली दुसरी वस्तू आहे. रक्ताची गरजच नाही. असाच निळ्या उजेडात उडणारा एखादा रंग शोधायचा, कार्डात भरायचा. दिव्याखाली ठेवलं आणि फिकं पडलं, तर दिवा जिवंत. नाही पडलं, तर नळी बदला."

"मोजायचं यंत्र असतंच की."

"कपाटाच्या तळाशी असतं, सर."

तो रंग शोधायला वर्ष गेलं. पहिला रंग आपोआपच उडायचा, दुसरा उडायचाच नाही, तिसऱ्यानं तुफानची ओढणी कायमची रंगली. चौथा जमला. दरम्यान पिवळ्या झाकणाचं कार्ड परत वॉर्डांत गेलं. मोठ्या रुग्णालयांनी सुरुवातीला खरंच दारात उभं केलं नाही. तुफान त्यांना काहीही न लपवता झाली गोष्ट सांगायची, अगदी परत आणलेल्या बाळासकट. काहींनी हात जोडून निरोप दिला. काहींनी मात्र तेवढ्यासाठीच आत बोलावलं. दिव्याचं कार्ड स्वस्त होतं आणि ते वापरायला कुणाला शिकवावं लागत नव्हतं. गावोगावच्या वॉर्डांतून म्हाताऱ्या नळ्या निघू लागल्या. कंपनी त्या कार्डानं तगली, वाढली, छापखान्याचा खालचा मजलाही तिनं घेतला. तुफान मालकीण शोभू लागली. सरांनी कंपनीतली खुर्ची सोडली आणि पूर्णवेळ वर्गात परतले. "तक्रारींना येत जा," ती म्हणाली. ते येत राहिले.

एकदा कॉलेजच्या कामानं ते एका लहान गावात गेले असताना तिथल्या रुग्णालयात सहज डोकावले. दोनच पेट्या होत्या. एकीत बाळ, डोळ्यांवर पांढरी पट्टी, पायाशी फिकं पडत चाललेलं कार्ड. शेजारी बाळाची आई बसली होती. सर कार्डाकडे इतका वेळ बघत राहिले की तिनं विचारलं, "तुम्ही डॉक्टर?"

"नाही, मास्तर. हे फिकं होतंय ना, म्हणजे दिवा चांगला आहे."

"सिस्टरांनी सांगितलं." ती जरा घुटमळली. "एक विचारू का? मी तर दिवसभर इथंच बघत बसते. डोळ्यांवर पट्टी बांधलीय त्याच्या. पण माझ्या पोटात होता तेव्हा त्याला लाल दिसत असेल, असं माझी सासू म्हणते. आता या निळ्यातून बाहेर आल्यावर त्याला पहिल्यांदा आमचे चेहरे कुठल्या रंगाचे दिसतील?"

सरांनी बाळाच्या पट्टीकडे पाहिलं. पट्टीतून किती प्रकाश जातो? मिटलेल्या पापणीतून किती? एवढ्या लहान डोळ्याला रंग कळतो का, आणि कळतो हे कुणी कसं तपासलं असेल?

"माहीत नाही," ते म्हणाले.

"डॉक्टरपण तेच म्हणाले," ती हसून म्हणाली आणि सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली. सर बसले. पेटीतल्या बाळानं मूठ उघडली आणि परत मिटली, आणि ते दोघं ती बघत राहिले.